दाजींचे राजीनामे आणि आक्काची चूल

नोकरी काय, कुणीही करतं. मी स्वतः उंब्रजच्या शाळेत मास्तरकी करण्यात हयात घालवली आणि त्यात मी काही पराक्रम केला असं माझ्या बायकोसकट कुणालाही वाटत नाही. पण नोकरी सोडणं ही वेगळी विद्या आहे, आणि त्या विद्येत आमच्या दाजींच्या पासंगाला पुरेल असा माणूस कृष्णेच्या दोन्ही काठांवर झाला नाही. लोक नोकरी सोडतात ती साहेबाशी भांडून, नाहीतर आजारी पडून, नाहीतर अफरातफरीत सापडून. दाजींना असलं काही लागायचं नाही. सगळं सुरळीत चाललंय, साहेब नावाजतोय, पगार वेळेवर येतोय, घरात दोन वेळचं शिजतंय, एवढं कारण त्यांना पुरायचं. राजीनाम्याची बातमी साहेबाच्या आधी न्हाव्याला कळायची, न्हाव्याकडून गावाला, आणि साहेबाला ती बहुतेक वेळा आपल्या शिपायाकडून कळायची. नोकरी लागल्याचे पेढे सगळं जग वाटतं. दाजी सुटल्याचे वाटायचे, आणि तेही साताऱ्याचे कंदी पेढे, साधेसुधे नव्हेत. 'लागल्याचं काय कवतिक?' ते म्हणायचे. 'लागती कुणालाबी. सोडाया छाती लागती.'

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मूळचे कडेगावचे. घरची शेती थोरल्या भावाच्या ताब्यात, धाकटे दोघे पलटणीत, आणि दाजी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेले, म्हणजे शेतालाही निकामी आणि पलटणीलाही. उंचेपुरे, नाकेले, मिशीला रोज तेल. रस्त्यानं चालले म्हणजे हा माणूस कुठंतरी चार्ज घ्यायला निघालाय असं वाटावं, आणि बहुतेक वेळा ते खरंच असायचं. स्वभाव लाख रुपयांचा. कुणाचा पैसा खाल्ला नाही, कुणाला वाकडं बोलले नाहीत, दारूच्या वाटेला गेले नाहीत. माझी आई मात्र पदर डोळ्याला लावून म्हणायची, 'एखादं येसन असतं तर बरं झालं असतं. येसन सुटतं तरी.'

दाजींची एक खोड घरच्यांच्या फार उपयोगाची होती. नवी नोकरी त्यांच्या हातात यायच्या महिनाभर आधी त्यांच्या तोंडात यायची. कडेगावच्या शाळेत ते मास्तर होते तोवर आक्काला पाढे विचारायचे, इथवर ठीक होतं. पण लढाईला तोंड लागलं त्या वर्षी एके सकाळी ते टमरेल घेऊन ओढ्याकडे निघाले ते लेफ्ट-राइट करत निघाले. आक्का दारात उभी राहून बघत होती. जेवायला बसताना त्यांनी 'खाना लगाव' असा हुकूम सोडला तेव्हा तिनं गुपचूप फडताळातली भांडी खाली काढायला सुरुवात केली. महिन्यानं दाजी साताऱ्याच्या पलटणीच्या भरतीकचेरीत कारकून झाले. तिथं दोन पावसाळे गेले, आणि एक दिवस भाकरीला उशीर झाला म्हणून दाजी पाटावर बसल्या बसल्या म्हणाले, 'आज डाऊन गाडी ल्येट हाय वाटतं.' आक्का मला सांगत होती, 'भाकरीला गाडी म्हणालं, तवाच म्या ट्रंक पुसून ठेवली.' पुढच्या महिन्यात ते लोणंदला रेल्वेत मालबाबू. ज्योतिषाला पैसे देऊन जे कळत नाही ते माझ्या बहिणीला जेवण वाढता वाढता कळायचं. उपयोग एवढाच, की आवराआवरीला वेळ मिळायचा.

या सगळ्या फिरतीत आक्कानं कधी तक्रार केली नाही, फक्त एका गोष्टीचं तिला फार लागायचं. ती गोष्ट म्हणजे चूल. आमच्या आक्कासारखी चूल घालणारी बाई आमच्या भावकीत नव्हती. माती कुठली आणायची, भुस्सा किती घालायचा, शेजारचं जोडतोंड, म्हणजे वैल, कुठल्या अंगाला काढायचा, हे तिच्या हाताला ठाऊक. तिच्या चुलीला फुंकर लागायची नाही आणि एका जाळात भाकरी होऊन वैलावर आमटी उकळायची. पण चूल काही ट्रंकेत घालून नेता येत नाही. बदली होणारी माणसंसुद्धा सरकारच्या हुकमानं जातात. हिला नवऱ्याच्या लहरीनं जावं लागायचं. निघायच्या दिवशी ती चूल सारवायची, तिला हळदकुंकू वाहायची आणि मागं न बघता बाहेर पडायची. मागनं येणारी बाई त्या चुलीवर आयती स्वैपाक करायची. 'एक चूल माजी म्हणून जुनी हू दे,' एवढंच तिचं देवाजवळ मागणं होतं. माणसं मुलंबाळं मागतात, दागिने मागतात. हिला काळी पडलेली चूल पाहिजे होती.

लोणंदला ते जमेल असं आम्हा सगळ्यांना वाटलं. लढाईचे दिवस. धान्य कार्डावर, रॉकेल कार्डावर, साखर तर दिवाळीपुरती. अशा वेळी रेल्वेच्या माणसाला मात्र कंपनीच्या दुकानातून स्वस्तात जोंधळा आणि डाळ मिळायची. राहायला दगडी क्वार्टर, दारात नळ, फंड, वर्षाचा पास. आक्कानं अशी चूल घातली की शेजारच्या स्टेशनमास्तरीणबाई ती बघायला यायच्या. शेवग्याचं झाडही लावलं. आणि दाजींची तर लोणंदला चैनच होती. मालगाडीचे डबे, ज्यांना आमच्याकडे वाघिणी म्हणतात, त्या सगळ्या लढाईच्या कामाला लागलेल्या. व्यापाऱ्याला कांदा पाठवायला एक वाघीण मिळायची मारामार. ती कुणाला द्यायची ते बऱ्याच अंशी मालबाबूच्या हातात. त्यामुळे मोठमोठे शेठ दाजींच्या टेबलासमोर बाकावर ओळीनं बसलेले असायचे. दाजींनी त्यांच्याकडून एक कांदा घेतला नाही. ते फक्त चहा घ्यायचे आणि स्तुती घ्यायचे. चहा बेताचाच घ्यायचे.

असं पाचेक वर्षं चाललं आणि दाजी नोकरीत कायम झाल्याचा हुकूम आला. दुसऱ्या कुणी सत्यनारायण घातला असता. दाजींनी धसका घेतला. मी सुट्टीत गेलो तेव्हा ते तो कागद पुढं धरून बसले होते, आणि चेहरा असा की घरात कुणाचं काही बरंवाईट झालंय. 'मास्तर,' ते मला म्हणाले, 'कायम म्हंजे मरंपतूरच न्हवं?' मी म्हटलं, 'मरेपर्यंत नाही, पंचावन्नापर्यंत. पुढं फंड मिळेल.' त्यावर ते आणखीच खचले. म्हणाले, 'म्हंजे मरायच्या आदी बी सुटका हाय म्हणता, पर म्हातारा झाल्यावर.' त्या दिवसापासून त्यांचं लक्ष उडालं. आणि नेमकं त्याच वेळी सांगलीच्या एका हळदीच्या अडत्यानं, जो कांद्यातही हात घालायचा, बाकावर बसल्या बसल्या त्यांना म्हटलं, 'मालबाबू, तुमच्यासारखा हुशार माणूस इथं कांद्याच्या वासात सडतोय, बघवत नाही हो.' दाजी विरघळले. त्या शेठला त्या आठवड्यात वाघीण मिळाली हे निराळं सांगायला नको.

पंधरा दिवसांत आक्काचा निरोप आला, लगेच ये. गेलो तर प्रकरण वेगळंच होतं. बाजारच्या दिवशी दाजी भाजी घ्यायला गेले, त्यांनी वांग्याचा भाव विचारला, आणि भाजीवालीनं भाव सांगायच्या आत उपरण्याखाली तिचा हात धरला. आता सांगलीच्या हळदबाजारात भाव असाच ठरतो. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात, तोंडानं आकडा काढत नाहीत, शेजारच्याला पत्ता लागत नाही. हे सांगलीत ठीक. लोणंदच्या भाजीवालीला हे कोण समजावणार? तिनं भर बाजारात त्यांचा उद्धार केला आणि घरी येऊन आक्कालाही सांगून गेली, 'मालकास्नी आवरा जरा.' आक्काला लाज वाटली नाही, भीती वाटली. 'ह्यांचा हात रुमालात गेलाय,' ती मला म्हणाली, 'आता ह्ये हितं ऱ्हात न्हाईत. तू सांग काय तरी.'

मी सांगितलं. गणिताचा मास्तर आहे, हिशेब मांडून सांगितलं. म्हटलं, दाजी, पगार म्हणजे काही सगळी नोकरी नव्हे. क्वार्टरचं भाडं धरा. नळाचं पाणी धरा. धान्य बाहेर कुठल्या भावानं मिळतंय ते धरा. पास धरा, फंड धरा, आजारीपणाची रजा धरा. शेठकडं यातलं काय आहे? उद्या शेठ बुडाला तर? उद्या हळद पडली तर? दाजी शांतपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, 'मास्तर, ह्यातलं हातात काय येतं?' मी म्हटलं, 'हातात नाही येत, पण—' 'झालं तर मग.' दाजींचं अर्थशास्त्र हे असं होतं. हातात येतं ते धरायचं, बाकी सगळं शून्य. दर नोकरीला वाढलेल्या पगाराचा आकडा ते सतरा वेळा सांगायचे; मागं काय सोडून आलो हे त्यांच्या हिशेबात कधी आलंच नाही. अशा माणसाला शहाणपण शिकवण्यापेक्षा रेड्याला पाढे शिकवणं सोपं, पण मी पडलो मेव्हणा.

साक्षीदार पाहिजे म्हणून मला सांगलीला घेऊन गेले. शेठची पेढी चांगली होती. पांढरीशुभ्र गादी, तक्क्याला टेकलेले शेठ, आणि सगळीकडे हळदीचा धुरळा. चहा झाला. शेठनी सहज आपलं उपरणं पुढं केलं, दाजींनी त्याखाली हात घातला. दोघंही दुसरीकडे बघत होते. शेठ छताकडे, दाजी गणपतीच्या तसबिरीकडे. उपरण्याखाली काहीतरी हललं, थांबलं, पुन्हा हललं, आणि दाजींचा चेहरा असा फुलला की मला वाटलं शेठनी पेढीच नावावर करून दिली. माझ्या साक्षीला हे एवढंच. बाहेर आल्यावर मी विचारलं, 'किती?' दाजी गंभीर झाले. 'ते सांगता येत न्हाई, मास्तर. रुमालातली गोष्ट रुमालात. बाजाराचा कायदा हाय.' मी म्हटलं, 'अहो, पण आक्काला तरी सांगाल की नाही?' तर म्हणाले, 'तिला तर आजाबात न्हाई. बायकांच्या पोटात काय ऱ्हातंय?' पगार किती, किती दिवसांचा, हे एकही अक्षर कागदावर नाही, बोलण्यात नाही. ज्या माणसाला शिक्क्याचा, सहीचा, कायमचा कागद मिळाला होता त्यानं तो परत करून चार बोटं घेतली.

लोणंदला पेढे वाटले गेले. आक्कानं त्या दिवशी एकच विचारलं. रेल्वेच्या पासावर जेजुरीला जाऊन यायचं तिच्या मनात बरेच दिवस होतं. आता निघायच्या आधी तेवढं उरकू या का? दाजींनी पास आदल्याच दिवशी साहेबाच्या टेबलावर ठेवला होता. मोठ्या ऐटीत ठेवला होता म्हणे. आक्कानं चूल सारवली, हळदकुंकू वाहिलं, आणि मग दाजींसमोर उभी राहून म्हणाली, 'आवं, एक सांगते ते आयका. आता ह्या हातानं मी चूल घालणार न्हाई. तीन दगडांवर रांधीन, उपाशी ठिवणार न्हाई तुमास्नी. पर चूल न्हाई.' दाजी हसले. म्हणाले, 'अगं, सांगलीत शेगडी घिऊ की.' माझ्या बहिणीचा स्वभाव मला ठाऊक होता, त्यामुळे मला हसू आलं नाही.

सांगलीत शेठच्या गोदामामागं एक खोली मिळाली. पुढं अंगण म्हणावं एवढी जागा, तिथं आक्कानं तीन दगड मांडले. दाजी सकाळी पांढरे कपडे घालून जायचे आणि दुपारी नखशिखांत पिवळे होऊन यायचे. एवढी हळद नवऱ्याला लग्नातही लागत नाही. पहिला महिना झकास गेला. दुसऱ्या महिन्यात शेठनी त्यांना सांगितलं, 'मालबाबू, माल पडून आहे, जरा स्टेशनवर जाऊन दोन वाघिणींचं बघून या.' आणि मग दाजींना, बाकीच्या सगळ्यांना आधीपासून माहीत असलेली गोष्ट कळायला लागली. स्टेशनवरचा मालबाबू कोवळा पोरगा होता. त्यानं मान वर न करता बाक दाखवला. दाजी म्हणाले, 'मी लोणंदला मालबाबू व्हतो.' पोरगा म्हणाला, 'होता ना? मग बसा.' बाकावर चारपाच शेठ होते, त्यांनी सरकून जागा करून दिली. दाजी दिवसभर बसले आणि हात हलवत आले. दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्या दिवशीही. शेठनी हुशारी म्हणून जी विकत घेतली होती ती लोणंदच्या मालधक्क्यावरच्या खुर्चीत राहिली होती, आणि खुर्ची दाजी आपल्या हातानं दुसऱ्याला देऊन आले होते. रोज बाकावर बसणाऱ्या शेठजींना दाजींनी इतकी वर्षं पाहिलं, पण ते कुणाला नमस्कार करत होते हे काही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या धाकट्या मुलाच्याही लक्षात आलं असतं.

शेठ वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर आम्हाला शिव्या देऊन मोकळं तरी होता आलं असतं. आखाड लागायच्या सुमारास बाजार मंदावला, तसं त्यानं दाजींना बोलावलं, चहा दिला, पगार चुकता केला, वर एक धोतरजोडी दिली आणि म्हणाला, 'बरंय मालबाबू, हंगाम उरकला.' दाजींनी विचारलं, 'म्हंजे?' शेठला खरंच नवल वाटलं. 'अहो, रुमालातला सौदा हंगामापुरता. माल उठला की सौदा मिटला. बाजारातलं शेंबडं पोर सांगेल.' ते खरंच होतं. रुमालातला शब्द सांगलीत कुणी मोडत नाही, शेठनंही मोडला नव्हता. पण रुमालात किती ते बोटांनी सांगता येतं, कुठवर ते नाही. ते बाजारातल्या माणसाला न विचारता ठाऊक असतं. दाजी रेल्वेतून आलेले. त्यांनी मनात धरलं होतं कायमचं. ज्या शब्दाचा लोणंदला धसका घेतला तोच त्यांनी सांगलीत, कुणी दिलेला नसताना, गृहीत धरला. घरी येऊन त्यांनी आक्काला सांगितलं. आक्का तीन दगडांवर भाकरी भाजत होती. ती म्हणाली, 'बसा, गरम हाय तवर खावा.' बोलली असती तर बरं, असं दाजी मला पुढं कितीदा तरी म्हणाले.

रेल्वेनं परत घेतलं नाही. तिथं आता लढाईवरून आलेल्यांचीच रांग होती. फंडाचे आलेले पैसे खाण्यात गेले. शेवटी त्याच हळदबाजारात दाजी तोलाईला लागले, म्हणजे पोती काट्यावर चढली की वजन पुकारायचं. ज्या दिवशी माल, त्या दिवशी मजुरी. जे एके काळी सबंध वाघीण कुणाला द्यायची ते ठरवत होते, ते आता 'दोन मण सात शेर' असं ओरडत उभे असायचे. पण आवाज काय लावायचे! मी एकदा पाहायला गेलो तर बाजारातले सगळे काटे थांबून ऐकताहेत असं वाटलं. मला बघून म्हणाले, 'मास्तर, हितं कायमबियमची भानगड न्हाई. रोज सुटतो, रोज लागतो.' हसले, मीही हसलो. मग त्यांना खोकला आला, हळदीचा. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता, आणि राग आल्यावर जास्तच वाईट वाटलं.

अशी तीनेक वर्षं गेली. स्वराज्य आलं, संस्थानं गेली, आणि एका दिवाळीच्या सुट्टीत मी सांगलीला गेलो तेव्हा दाजींनी मला काट्यामागं ओढलं. रिकाम्या पोत्याखालून एक कागद काढला आणि एक खाकी टोपी. सरकार म्हणे स्वतःच्या मोटारी सुरू करणार, रस्तोरस्ती. मालाचा अनुभव असलेली माणसं पाहिजेत, वयाची अट सैल. दाजींना कारकून म्हणून बोलावणं आलं होतं. 'ह्या खेपेला रुमाल न्हाई, मास्तर. शिक्का हाय बघा. पास हाय, फंड हाय.' जन्मात पहिल्यांदा दाजी हातात न येणाऱ्या गोष्टी मोजत होते. आणि मी काय म्हणालो? जे त्या वर्षी सगळा जिल्हा म्हणत होता तेच. सरकार काय मोटारी चालवणार? खाजगी मोटारवाले टिकू देतील का? सहा महिन्यांत गाशा गुंडाळतील. दाजी म्हणाले, 'तसंच का काय,' आणि टोपी बंडीखाली घालून आम्ही घरी निघालो, आक्काला सांगायला.

अंगणात शिरलो तर तीन दगड जागेवर नव्हते. आक्का उकिडवी बसली होती, कोपरापर्यंत मातीत, आणि तिच्यापुढं चूल होती. ओली, काळी, एका अंगाला वैल काढलेली. ती आम्हाला पाठमोरी होती. पायरव ऐकून मागं न बघता म्हणाली, 'पाय दिऊ नगासा. वलं हाय.' दाजी जिथं होते तिथं थांबले. मग बंडी नीट करत बाहेर आले आणि मला हळूच म्हणाले, 'मास्तर, चूल वाळू द्या. मग सांगतो.'

चूल वाळली. दाजींनी सांगितलं नाही. त्यांनी हजर व्हायची तारीख जाऊ दिली, आणि पुढं मरेपर्यंत तोलाईच केली. राजीनाम्यांचा एवढा मोठा कारखाना तिथं बंद पडला. आम्ही सगळ्यांनी निःश्वास टाकला. माझ्या आईनं तर नारळ फोडला. आणि सरकारी मोटारी काय, बुडाल्या नाहीत. वाढल्या, वाडीवस्तीला गेल्या. दाजींबरोबर ज्यांना बोलावणं आलं होतं ते मोठे कारकून झाले, त्यांना क्वार्टर मिळाली, फंड मिळाला, बायकामुलांना पास मिळाले, जेजुरीलाच काय, पाहिजे तिथं. आयुष्यभर दाजींनी नोकऱ्या सोडल्या तेव्हा चुकले, आणि एकदा शहाणे होऊन सोडली नाही तेव्हाही चुकले.

ते गेल्यावर वर्षभरानं मी आक्काकडे गेलो होतो. तीच खोली, तीच चूल, आता काळीभोर, कडा झिजलेल्या. मी पेन्शनीत निघालो होतो आणि जरा सैल बोलत होतो. बोलता बोलता त्या टोपीची गोष्ट माझ्या तोंडून गेली. मला वाटलं ती चमकेल. ती भाकरी उलटत म्हणाली, 'म्हाईत हाय मला.'

'दाजी बोलले होते?'

'ते कशाला बोलत्यात? पर महिनाभर आदीपास्नं पाटावर बसलं की मोटारवाल्यागत म्हणायचं, पुढं सरका, पुढं जागा हाय. घरात माणसं दोन. मला कळंना व्हय?' तिनं भाकरी आरावर उभी केली. 'म्हणूनच घातली चूल त्या दिशी. म्हटलं, बघू तरी, वल्या चुलीवर पाय दिऊन जात्यात का.'

ती जाळ मागं ओढत राहिली, आणि चुलीकडेच बघत तिनं विचारलं, 'घालाया नगं व्हती का रं?'

मी मास्तर माणूस. कुणी काही विचारलं की उत्तर तयार असायची मला सवय, पण त्या दिवशी मी नुसतीच काटकीनं राख सारखी करू लागलो. दाजी असते तर त्यांनी मिशीवरून हात फिरवत ताबडतोब उत्तर दिलं असतं. ते साफ चुकीचं असतं, आणि आम्ही दोघांनीही त्यावर विश्वास ठेवला असता.